पोपट खाऊला भुलत नाही: घोडं नेमकं कुठे पेंड खातं?

तक्रार बहुधा एकाच साच्यातली असते. पोपटाला शिकवायचं म्हणून टार्गेटची काडी (जिला चोच लावायला शिकवायचं ती) आणली, क्लिकर (दाबला की टक् वाजणारी डबी, 'बरोबर केलंस' सांगायला) आणला, पोपटापुढे सूर्यफुलाची बी धरली. पोपटाने बीकडे एकदा पाहिलं, मान फिरवली आणि पाठीची पिसं साफ करायला घेतली. किंवा बी घेतली, टरफल व्यवस्थित सोललं आणि गर खाली टाकून दिला. दोन दिवस बरं चाललं, तिसऱ्या दिवशी पुन्हा ढिम्म. मग घरात एकमताने ठरतं की पोपट हट्टी आहे.

'हट्टी' म्हणून निदान होत नाही. खाऊकडे पाठ फिरवणाऱ्या पोपटामागे पाचपैकी एखादं कारण असतं, कधी दोनही: तो आजारी आहे, त्याचं पोट भरलेलं आहे, तो घाबरलेला आहे, समोरची वस्तू खायची असते हेच त्याला ठाऊक नाही, किंवा त्या घडीला त्याला दुसरंच काहीतरी हवं आहे. वरून पाचही सारखेच दिसतात, उपाय मात्र वेगवेगळे. घाबरलेल्या पक्ष्याचं वाडगं काढून घेतलं तर तो घाबरलेला आणि भुकेला असा दोन्ही होतो, आणि मग चावतो. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

आधी तराजू

एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, बजरीगरसारख्या लहानग्या पोपटासाठी ०.१ ग्रॅमचा असेल तर उत्तम. काट्यावर छोटी दांडी ठेवा, आकडा शून्यावर आणा, मग पक्षी चढवा. वेळ रोज तीच: सकाळची पहिली मोठी शी झाल्यावर आणि पहिला घास खाण्याआधी. सात दिवसांचे आकडे लिहून ठेवले की सरासरी मिळते, आणि ती सरासरीच तुमच्या पक्ष्याचं खरं वजन. पुस्तकी आकडे फक्त अंदाजापुरते: बजरीगर ३० ते ४० ग्रॅम, कॉकटेल (तुरा असलेला कॉकाटील पोपट) ८० ते १००, आफ्रिकन ग्रे साधारण ४०० ते ५००. रोज एक-दोन टक्के वरखाली होणारच. सरासरीपेक्षा दहा टक्के घट म्हणजे शिकवणं बंद आणि पक्ष्यांचं जाणणारा डॉक्टर.

काल आवडीने खाणारा पोपट आज अचानक खाऊ नाकारत असेल, तर वजन बदललेलं नसलं तरी आधी तब्येतच पाहा. पिसं फुगवून बसणं, श्वासाबरोबर शेपूट वरखाली होणं, दिवसा दोन्ही पायांवर बसून झोपणं, नाकपुडीभोवती ओल, शीमधला हिरवा भाग गायब होऊन नुसतं पांढरं आणि पाणी उरणं, यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही. पक्षी आजार लपवतात. आजारपण चेहऱ्यावर दिसेपर्यंत ते बरंच पुढे गेलेलं असतं.

पिसं झडण्याचा काळ असेल तरी पक्षी किरकिरा होतो. डोक्यावर आणि मानेवर कोवळ्या पिसांचे टोकदार कोंब दिसले, तर पंधरा दिवस नवीन काही शिकवू नका. जुनं येतं तेवढंच घ्या. झोपही तपासा. अंधारात आणि शांततेत सलग दहा ते बारा तास मिळत नसतील, रात्री उशिरापर्यंत टीव्हीच्या खोलीतच पिंजरा असेल, तर पुढचं काहीही वाचून उपयोग नाही.

वाडगं भरलेलं आहे का?

तब्येत ठीक असेल तर सर्वांत जास्त वेळा कारण इथे सापडतं. पिंजऱ्यात दिवसभर सूर्यफुलाच्या बियांनी भरलेलं वाडगं, आणि शिकवताना बक्षीस कोणतं, तर सूर्यफुलाचीच बी. जी वस्तू चार पावलांवर फुकट पडलेली आहे तिच्यासाठी कोण राबेल?

रानातले पोपट साधारणपणे सकाळी आणि संध्याकाळी पोटभर चरतात, मधल्या वेळात विसावतात. त्याच लयीवर स्वार व्हायचं. मोठ्या आणि मध्यम पक्ष्यासाठी, म्हणजे कॉकटेलपासून वर, सकाळचं जेवण तासभर मोकळं ठेवा. दुपारी पेलेट (पक्ष्यांचं तयार, गोळ्यांसारखं खाद्य) आणि भाजी असू द्या. संध्याकाळच्या जेवणाआधी दोन तास वाडगं उचला, त्या दोन तासांच्या शेवटी शिकवा, आणि शिकवणं संपताच पूर्ण जेवण द्या, मग धडा जमलेला असो वा नसो. पाणी कधीही उचलायचं नाही. सकाळी पहिल्या जेवणाआधीची दहा मिनिटं मिळत असतील तर वाडगं उचलण्याचीही गरज नाही, रात्रीनंतर भूक आपोआप असते.

बजरीगर आणि लव्हबर्डसारख्या लहान पक्ष्यांचं अन्न उचलूच नका. त्यांचं शरीर अन्न भराभर जाळतं. एक दिवसाची उपासमारही त्यांच्या जिवावर बेतू शकते. त्यांच्या रोजच्या मिश्रणातून फक्त आवडीचा पदार्थ वेगळा काढायचा. राळ्याचं कणीस पिंजऱ्यात लटकत असेल तर ते काढा, आणि तेच हातातून द्या. पिल्लं, आजारातून उठलेले पक्षी आणि अंडी घालणारी मादी यांच्या वाडग्याला हात लावू नये.

'एक दिवस उपाशी ठेवा, सुतासारखा सरळ येईल' हा सल्ला अजूनही फिरतो. उपाशी पोपटाला काडी, इशारा, तुमचा चेहरा, काहीच दिसत नाही. त्याला फक्त हातातला दाणा दिसतो. तो झडप घालतो, चुकून बोट धरतो, तुम्ही हात मागे घेता, आणि हात झटकला की दाणा पडतो हे तो शिकतो. भूक हवी ती जेवणाआधीची, उपासाची नको.

एक धोका आणखी. पक्षी आजवर केवळ बियांवर वाढला असेल आणि आता पेलेटवर आणायचा असेल, तर ते काम आणि शिकवणं एकाच वेळी सुरू करू नका. आहार बदलायला काही आठवडे जातात, आणि त्या काळात वजन रोज पाहावं लागतं.

खाऊ तुम्ही निवडलात की त्याने?

सपाट ताटलीत सहा-आठ पदार्थ ठेवा, प्रत्येकी दोनच तुकडे: सूर्यफूल, करडई, राळे, अक्रोड, बदाम, डाळिंबाचा दाणा, सफरचंद, उकडलेला मका. सकाळी पाच मिनिटं पक्ष्यासमोर ठेवून त्याने पहिले तीन कोणते उचलले ते लिहा. असं चार दिवस करा, आणि रोज जागा बदला, कारण बरेच पोपट पदार्थ न पाहता एकाच बाजूने उचलायला सुरुवात करतात. चारपैकी तीन दिवस पहिल्या तिनात आलेला पदार्थ उद्यापासून वाडग्यात दिसता कामा नये. दुसऱ्या क्रमांकाचाही एक राखून ठेवा. एकच खाऊ दहा दिवसांत बोथट होतो.

ॲव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा-लसूण, दारू आणि खारवलेलं काहीही चाचणीपुरतंसुद्धा नको. सफरचंद देताना बिया काढून द्या.

तुकड्याचा आकार हा इथला सर्वांत दुर्लक्षित भाग. बक्षीस दोन-तीन सेकंदांत संपलं पाहिजे. अक्रोडाचा अख्खा पाव दिला की ग्रे पोपट पंजात धरून दीड मिनिट कुरतडत बसतो, आणि तोवर बक्षीस कशाचं मिळालं हे विसरतो. ग्रे किंवा ॲमेझॉन जातीच्या पोपटासाठी तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पुरे, कॉकटेलला अर्धी सूर्यफूल बी, बजरीगरला राळ्याचे एक-दोन दाणे. 'तीन वेळा केलं आणि मग सोडून दिलं' ही तक्रार आली की बहुतेक वेळा तुकडा मोठा असतो. सोललेली बी दिली तर वेळ आणखी वाचतो. काही पोपटांना मात्र सोलण्यातच रस असतो. गर टाकून देणारा पक्षी हाच. त्याचं बक्षीस टरफल आहे, ते त्याला मिळू द्या.

ताटलीतलं काहीच उचललं नाही तर पदार्थ नावडते आहेत असं लगेच समजू नका. पोपटाला नवी वस्तू म्हणजे आधी संशय. पिलूपणापासून एकाच प्रकारचं धान्य खाल्लेल्या पक्ष्याला अक्रोडाचा तुकडा हा दगड वाटू शकतो. तो तुकडा आठवडाभर पिंजऱ्याबाहेर, दिसेल अशा जागी ठेवा. त्याच्यासमोर स्वतः तोच पदार्थ खा, सावकाश आणि त्याच्याकडे न बघता. पोपट थव्यात खाणारे आहेत. दुसरा कोणी मन लावून खातोय हे पाहिल्यावर त्यांची उत्सुकता चाळवते. मग बारीक किसून नेहमीच्या अन्नावर भुरभुरा. पाच-सहा दिवसांत पहिला घास होतो, कधी पंधरा दिवस लागतात.

नाकारलेला खाऊ की नाकारलेला हात?

साधी परीक्षा आहे. तोच दाणा दांडीजवळच्या वाटीत टाका आणि दोन मीटर मागे जाऊन पाठ करून उभे राहा. मिनिटभरात दाणा गेला, तर खाऊ उत्तम आहे. अडचण तुमचा हात आहे. घाबरलेला प्राणी खात नाही. भीती ओसरल्याशिवाय जगातला सर्वोत्तम अक्रोडही कुचकामी.

भीती दिसते कशी? अंगाची पिसं चपटी बसतात, शरीर लांबट आणि ताठ होतं, वजन मागच्या बाजूला झुकतं, एक पाय दांडीवरून हलायच्या तयारीत असतो. कॉकटेलचा तुरा सरळ उभा म्हणजे दचकलाय. मागे चिकटलेला आणि चोच उघडी म्हणजे पुढे येऊ नका. डोळ्याची बाहुली झपाट्याने लहानमोठी होत असेल तर पक्षी उत्तेजित आहे, आनंदाने किंवा रागाने. सोबत शेपटीचा पंखा आणि मानेवरची पिसं उभी असतील तर रागच धरा. चोच एकमेकांवर घासल्याचा करकर आवाज आणि एक पाय पोटाशी, हा मात्र निवांतपणा आहे.

उपाय असा. पक्ष्याचं अंग ताठ होतं ते अंतर आधी शोधा, समजा दीड मीटर. त्याच्या अलीकडे, पावणेदोन मीटरवर थांबा. तो सैल झाला, पिसं झटकली, डोळे मिचकावले, की तुम्ही दोन पावलं मागे जा. हो, मागे. या पक्ष्याला त्या क्षणी सर्वांत हवीशी गोष्ट तुमचं दूर जाणं आहे, म्हणून शांत राहण्याचं बक्षीसही तेच. असं दिवसातून तीनदा, दरवेळी दोन-तीन मिनिटं, आणि रोज दहा-पंधरा सेंटिमीटर जवळ. वाटीपर्यंत पोचलात की दाणा टाकून मागे जायला लागा. मग लांब दांड्याच्या चमच्यातून द्या, चमचा रोज थोडा आखूड धरा, शेवटी दाणा बोटांत.

इथे होणारी चूक ठरलेली: तिसऱ्या दिवशी पक्षी चमच्यातून खातो, आणि आपण त्याच बैठकीत बोट पुढे करून 'चढ' म्हणतो. आठवडा वाया. हातमोजे घालू नका. बहुतेक पक्ष्यांना ते हातापेक्षा भयंकर वाटतात. पोटाला बोट टेकवून ढकलायची पद्धतही सोडा. तिने पक्षी चढतो तो तोल जाऊ नये म्हणून, आणि मग बोट दिसलं की चावायचं हे पक्कं होतं.

खाणं सोडून त्याला काय हवंय?

वरचं सगळं तपासून झालं, पक्षी निरोगी आहे, निर्भय आहे, खाऊ ओळखीचा आहे, तरी तो काम करत नाही. असे पोपट खरोखर असतात, आणि ते शिकवायला कठीण नसतात. त्यांना मजुरी वेगळ्या चलनात हवी असते, एवढंच.

पक्ष्याला बाहेर सोडून दहा-दहा मिनिटांच्या तीन बैठका नुसतं पाहा. तो कुठे जातो, काय उचलतो, कशावर परत परत येतो, केव्हा आवाज करतो? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ मध्ये मांडलेलं तत्त्व इथे कामी येतं: प्राणी जी गोष्ट आपणहून जास्त करतो, ती करायची संधी हेच कमी केल्या जाणाऱ्या गोष्टीचं बक्षीस ठरतं. कागद फाडायला धावणाऱ्या पोपटाला काडीला चोच लावल्याबद्दल कागद द्या. खांद्यावर जायला धडपडणाऱ्याला बोटावर चढल्याबद्दल खांदा. बाहेर काढताना चावणारा पण पिंजऱ्यात परत जायला उत्सुक असा पक्षी असेल तर उलटा धडा घ्या: आधी पिंजऱ्याबाहेरच्या दांडीवरून बोटावर चढणं शिकवा, आणि बोटावर चढताच पिंजऱ्यात पोचवा.

याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पक्ष्यांच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांचा ॲलेक्स हा आफ्रिकन ग्रे. १९७७ पासून २००७ मध्ये तो मरेपर्यंत त्याचं शिक्षण चाललं, आणि त्याला शंभराहून अधिक शब्द योग्य जागी वापरता येत. चावीचं नाव घेतलं तर त्याला बक्षीस म्हणून चावीच मिळे, कागद म्हटलं तर कागद. ती वस्तू नको असेल तर दुसरं काही मागायची मुभा असे. शिकवण्याची पद्धतही वेगळी होती: पक्ष्यासमोर एक माणूस दुसऱ्याला वस्तूचं नाव विचारी, दुसऱ्याने बरोबर सांगितलं की वस्तू त्याच्या हाती जाई. आपल्याला हवी ती वस्तू भलत्यालाच मिळतेय हे पाहून पोपट पुढे सरसावतो. घरात दोन माणसं मोकळी असतील तर शब्द शिकवण्यासाठी हे जरूर करून पाहा.

चलन ठरलं की ते देण्याची रीत नीट बसवावी लागते. डोकं खाजवणं हे बक्षीस असेल तर तीन-चार सेकंदच, आणि फक्त डोकं, गाल, मान. पाठीवरून किंवा पंखांखाली हात फिरवला की पक्ष्याचं शरीर विणीच्या तयारीला लागतं, तो अन्न ओकून भरवायला बघतो, जागा राखतो आणि दुसऱ्यांना चावतो. कागद दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यांचा, शाई नसलेला; एक पट्टी फाडून संपली की बक्षीस आपोआप संपतं. खेळणं दिलं तर परत कसं घेणार हे आधी ठरवा. हिसकावलं की भांडण. दुसरी पट्टी किंवा दुसरं खेळणं पुढे करून अदलाबदल करा. खाऊने मिनिटाला सहा-आठ प्रयत्न होतात, खेळण्याने जेमतेम दोन. म्हणजे पाच मिनिटांत दहाच संधी, म्हणून पायऱ्या आणखी बारीक करा: काडीकडे पाहिलं, झुकला, एक पाऊल टाकलं, चोच लावली, या प्रत्येकाची वेगळी मजुरी.

क्लिकर या पक्ष्यांसाठीही चालतो, पण क्लिक म्हणजे वचन. क्लिक झाला की ठरलेलं चलन दोन सेकंदांत मिळालंच पाहिजे, क्लिक चुकून झाला असला तरीही. चारदा तोंडाला पानं पुसली की त्या आवाजाला किंमत राहत नाही. आवाजाने दचकत असेल तर क्लिकर खिशात दाबा, किंवा जिभेने टक् करा, किंवा एखादा छोटा शब्द ठरवा.

जमत आलेलं पुन्हा बिघडतं तेव्हा

खाऊ दिसला तरच काम करतो: दाणा हातात धरून तुम्ही तो आमिष म्हणून वापरताय. तो खिशात किंवा पाठीमागच्या वाटीत हवा, काम झाल्यावरच पुढे यावा.

एकाच माणसाचं ऐकतो: दुसऱ्या माणसाने पहिल्याच्या पायरीवरून सुरुवात करू नये. चमच्यापासून करावी, आणि पहिले दोन आठवडे सर्वांत लाडकं बक्षीस फक्त या दुसऱ्याच्याच हातून मिळावं.

'चढ, चढ, चढ' म्हटल्यावर चौथ्यांदा चढतो: त्याच्या लेखी इशारा चार शब्दांचा आहे. एकदा म्हणा, पाच सेकंद थांबा, नाही चढला तर हात खाली आणि अर्धा मिनिट तिथून दूर.

चावतो आणि आपण पिंजऱ्यात ठेवतो: त्याला पिंजराच हवा असेल तर चावणं वसूल झालं. चावण्याच्या दोन सेकंद आधीची खूण पकडा आणि तेव्हाच हात थांबवा.

सुरुवातीला छान, चार मिनिटांनी उधळतो: तर तीन मिनिटांत संपवा. दिवसातून दोन किंवा तीन बैठका, प्रत्येक बैठक पक्षी अजून मागत असताना थांबवायची.

विणीच्या काळात शिकलेलं सगळं पुसल्यासारखं वाटतं. आरसा, अंधारे कोपरे, घरट्यासारखे खोके आणि कापडी झोपड्या काढून टाका, प्रकाशाचे तास थोडे कमी करा, आणि तोवर फक्त सोप्या गोष्टी घ्या.

जोडीतला पक्षी असेल तर खाऊ, खेळणं, खाजवणं या तिन्हींची मात्रा चालणं अवघड, कारण जोडीदाराशेजारी बसण्यापुढे सगळं फिकं पडतं. वेगळ्या खोलीत नेऊन शिकवायला गेलात तर तो फक्त हाका मारत राहतो. दुसरी दांडी जोडीदारापासून मीटरभर अंतरावर, दिसेल अशी लावा. एकदा काडीला चोच लावली की क्लिक, आणि लगेच बोटावरून जोडीदाराकडे परत. पहिले चार दिवस बैठकीत एवढा एकच प्रयत्न. पाचव्या दिवसापासून दोन चोची, मग परत; पुढच्या आठवड्यात तीन. जोडीदाराला त्या वेळी दुसऱ्या माणसाने काहीतरी कुरतडायला द्यावं, नाहीतर तोच उडून इकडे येतो आणि धडा तिथेच संपतो.